कौलं नंतर, आधी पागोळी: कोकणातल्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलबद्दल एका विद्यार्थिनीला उत्तर

कुडाळच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिनं कोकण किनाऱ्यावरचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल घेतलंय. जांभ्याच्या भिंती आणि वर मंगळुरी कौलांचं एकसंध उतरतं छप्पर, हे चित्र तिच्या डोक्यात पक्कं आहे, आणि सोबत तिनं नकाशाही पाठवलाय. तिला विचारायचंय की टर्मिनल केवढं असावं, 'आंतरराष्ट्रीय' म्हटल्यावर नेमकं काय वाढतं आणि एवढ्या मोठ्या इमारतीवर कौलं चालतील का.

मी 31 वर्षं टर्मिनलचे नकाशे काढले, आता गुहागरला असतो. तुला अहो-जाहो करत नाही, माझी धाकटी तुझ्याहून मोठी आहे.

छपरापासून सुरू करू, कारण तुझा जीव तिथेच अडकलेला दिसतो. मंगळुरी कौलाला पाऊस पेलायचा तर साधारण 30 अंशांचा उतार लागतो. तुझा हॉल 60 मीटर खोल आहे. एकच आढं धरलंस तर ते वळचणीपासून 17 मीटर वर जातं. वळचण पाच मीटरवर ठेवलीस तरी आढं 22 मीटरवर, म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढी हवा डोक्यावर, आणि तिच्यातली निम्मी तू वीज जाळून थंड करणार. शिवाय दर मेमध्ये कौलं चाळायची कोणी? आमच्या आळीत बारा फुटांवर चढायला माणूस मिळत नाही. वानरांचा विषय तर काढतच नाही.

कोचीनं हे करून दाखवलंय, ते मला ठाऊक आहे. 1999 मध्ये सुरू झालेल्या त्या विमानतळावर उतरत्या छपरांची केरळी घडण आहे आणि ती शोभते. त्या विमानतळाच्या भांडवलात आखातात राबणाऱ्या मल्याळी माणसांचे पैसे होते, त्यामुळे तिथे उतरणाऱ्याला आपल्या गावच्या घरासारखं काहीतरी दिसणं याला अर्थ होता. तुझ्या चित्रामागेही हीच ओढ असेल. पण कोकणी घरातून उचलण्यासारखी पहिली गोष्ट कौल नाही. ती कोणती, ते पुढे सांगतो. त्याआधी टर्मिनल ही काय चीज आहे ते समजून घे.

टर्मिनल म्हणजे रांगांची इमारत. ती एका वेळी कोणी काढलेली नाही. दर वेळी जगात काहीतरी घडलं आणि एक खोली वाढली. आपल्याच किनाऱ्यावर बघ. 1932 मध्ये जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा तिथलं 'टर्मिनल' म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली झोपडी होती. पावसाळ्यात जुहूची जमीन चिखलात जायची, म्हणून चार महिने बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. 1946 मध्ये लंडनचं हीथ्रो प्रवाशांना खुलं झालं तेही लष्करी तंबूंत. 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. ते विमान चाळीसेक माणसांचं होतं. तेवढ्यांचे पासपोर्ट एका टेबलावर तपासून होतात.

मग जेट आली. 1958 नंतर बोइंग 707 आणि 1970 मध्ये 747. एका दारातून एकदम साडेतीनशे माणसं बाहेर पडू लागली, आणि दहा वर्षांपूर्वी बांधलेली सुंदर टर्मिनलं अडगळीची वाटायला लागली. न्यू यॉर्कला वास्तुकार ईरो सारिनेननं केलेलं टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीचं टर्मिनल तू पुस्तकात पाहिलं असशील, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखं. 1962 मध्ये ते उघडलं तेव्हा सोडायला आलेला माणूस थेट विमानाच्या दारापर्यंत जाऊ शकत असे. पुढे विमानं पळवण्याची साथ आली आणि अमेरिकेत 1973 पासून प्रत्येक प्रवाशाची झडती सुरू झाली. त्या पक्ष्याच्या पोटात झडतीच्या रांगेला जागाच नव्हती. 1985 मध्ये एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानाचा घातपात झाला, 1988 मध्ये लॉकरबीवर आणखी एका विमानाचा, आणि विमानाच्या पोटातलं सामानही तपासायला लागलं. बॅगांसाठी तळघरात पट्ट्यांचं जाळं आलं. आपल्याकडे डिसेंबर 1999 च्या कंदाहार अपहरण प्रकरणानंतर विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. दारावर तिकीट आणि ओळखपत्र पाहणारा जवान आपल्याला इतका सवयीचा झालाय की अनेक देशांत असं दारच नसतं, कोणीही आत जाऊन चहा पिऊ शकतो, हे विद्यार्थ्यांना सांगावं लागतं. हा मुद्दा लक्षात ठेव, तो परत येणार आहे.

1970 मध्ये जगभरात वर्षाला 31 कोटींच्या आसपास विमानप्रवास होत. 2019 मध्ये साडेचारशे कोटींच्या आसपास. या वाढीत कोकणाचा वाटा किती, ते आकड्यात सांगता येणार नाही, पण डोळ्यांनी पाहिलंय. 1973 नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामं निघाली, आणि खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळ्याची माणसं कुवेत, दुबई, मस्कतला जाऊ लागली. एका पिढीआधी हेच लोक भाऊच्या धक्क्यावर बोटीनं उतरत. 1985 मध्ये एमिरेट्स सुरू झाली तेव्हा तिच्या अगदी पहिल्या मार्गांत मुंबई होती, ती उगीच नव्हे.

मी नोकरीला लागलो तेव्हा पहिलं काम दिलं गेलं ते स्टॉपवॉच घेऊन रात्री मुंबईच्या सहार विमानतळावर उभं राहायचं. आपल्याकडची आखाती आणि युरोपची विमानं मध्यरात्रीनंतरच येतात-जातात, तिकडच्या वेळा तशा जुळतात. पहाटे तीनला बाहेरच्या कठड्याशी खेडहून आलेलं एक कुटुंब बसलं होतं. एका ट्रॅक्समधून अकरा माणसं आली होती. आजी चादरीवर झोपलेली, दोन पोरं ट्रॉलीत, आणि एका डब्यात कोंबडी-वडे, कारण येणारा मुलगा थेट तेच मागणार होता. मी वहीत लिहिलं: 'प्रवासी 1, घ्यायला आलेले 11.' साहेबांनी सकाळी विचारलं, हा आकडा चुकलाय का? चुकला नव्हता. परदेशी पाठ्यपुस्तकांतलं प्रमाण दर प्रवाशामागे एखाददुसरं माणूस इतकंच होतं आणि आमचा नकाशा त्यावरच बेतलेला होता.

आता आकार. वर्षाला किती प्रवासी, यावरून टर्मिनल ठरत नाही. गर्दीच्या तासाला किती, यावरून ठरतं. अमेरिकी विमान प्रशासनाचं एक जुनं कोष्टक आम्ही अंदाजाला वापरायचो. वर्षाला 10 लाख ते 1 कोटी प्रवासी असतील तर त्याच्या 0.05 टक्के, म्हणजे 12 लाखांना गर्दीच्या तासाला 600. एक ते पाच लाखांमध्ये 0.13 टक्के, म्हणजे तीन लाखांना 390. गंमत बघ: प्रवासी चौथाईवर आले तरी हॉल दोन-तृतीयांश उरतोच. छोट्या विमानतळाला दिवसाला चारच विमानं असतात आणि त्यातली दोन हटकून एकाच तासात येतात. उरलेला दिवस हॉल रिकामा. म्हणून लहान टर्मिनल माणशी नेहमी महाग पडतं. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाला 2021 मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली आणि ती सलग टिकली नाही, याची कारणं अनेक आहेत. पण इमारतीच्या बाजूनं हे एक गणित आहेच.

तुझ्या नकाशात पाच एरोब्रिज (टर्मिनलातून विमानाच्या दाराला लागणारे बंदिस्त पूल) आणि त्यातले दोन मोठ्या विमानांना आहेत. ते दोन काढ. ए-320 च्या पंखांची रुंदी 36 मीटर, बाजूला साडेचार मीटर मोकळे सोडायचे, म्हणजे एका जागेला 40 मीटर. 777 सारख्याला 65 आणि साडेसात, म्हणजे 72 च्या पुढे. टर्मिनलं मैलोगणती लांब का होतात आणि पाय का दुखतात, त्याचं उत्तर वास्तुकारात नाही, पंखांत आहे. ओसाकाजवळच्या कान्साईला रेन्झो पियानोनं 1994 मध्ये 1.7 किलोमीटरची एकच लांब पट्टी काढली, ती पंखांची रांग झाकण्यासाठीच. आणि आपल्या किनाऱ्यावरून दुबई-मस्कत जेमतेम तीन-साडेतीन तासांवर. ए-320 जातीचं विमान तिथे आरामात जातं, चिपीसारख्या 2,500 मीटरच्या धावपट्टीवरूनही. न्यू यॉर्कला जाणारा माणूस तुझ्याकडे येणार नाही. तो गोव्यातल्या मोपाला किंवा मुंबईला जाईल, किंवा आता पनवेलच्या अंगाला, नव्या विमानतळावर. नवी मुंबईचं ते कमळाच्या आकाराचं टर्मिनल वास्तुकार झाहा हदीदच्या कार्यालयानं काढलंय, दिसतंही छान. पण महाड-माणगावच्या माणसाला त्याचं मोल एवढंच की आता वाशीची खाडी ओलांडावी लागत नाही.

त्या दोन मोठ्यांच्या बदल्यात एक छोटी धर. म्हणजे विमानं उभी करायला चार जागा, चारही छोट्या विमानांच्या.

'आंतरराष्ट्रीय' म्हटलं की इमिग्रेशन, कस्टम्स आणि आरोग्य तपासणी या तीन खात्यांना जागा द्यावी लागते, हे तू लिहिलंयस. त्यात कर्मचाऱ्यांच्या खोल्या, अडवलेल्या माणसाला बसवायची खोली, जप्त मालाचं कोठार हे विसरतात सगळेच. पण खरी अडचण भिंतीची आहे. परदेशी निघालेला माणूस इमिग्रेशन झाल्यावर कायद्यानं जणू देशाबाहेर असतो. तो देशांतर्गत प्रवाशात मिसळून चालत नाही, आणि उतरलेला माणूस निघालेल्यात मिसळून चालत नाही. म्हणजे एकाच एरोब्रिजला तीन-चार वेगळ्या वाटा. मुंबईच्या टी-2 मध्ये हे मजल्यांवर सोडवलंय. तुझ्याकडे दोनच मजले आहेत, तर दारांवर सोडव. दिवसा मुंबई-बेंगळुरूची विमानं, रात्री आखाताची. तीच जागा, तीच खुर्ची, फक्त काचेची दारं फिरवायची. आम्ही त्याला स्विंग गेट म्हणतो. रात्री-पहाटेची आखाती वेळ इथे तुझ्या फायद्याची आहे. दाराची कुलपं कोणाकडे, या प्रश्नावर मात्र तीन खात्यांची बैठक तीन महिने चालते, ती तुझ्या थीसिसमध्ये नाही हे नशीब.

इमिग्रेशनचं गणित हातानं करून बघ. विमानातून 170 माणसं उतरली, एकेकाला दीड मिनिट. सहा खिडक्या असतील तर शेवटचा माणूस 42 मिनिटांनी सुटतो, दहा असतील तर 25 मिनिटांनी. रांगेत माणशी एक ते सव्वा चौरस मीटर धर. आता यातली मेख: या खिडक्या संथ चालल्या की सामानाचा पट्टा वाढवावा लागतो. माणसं वर अडकलेली, बॅगा मात्र वीस मिनिटांत खाली हजर, आणि पट्टा भरून वाहतो. मग लोडर बॅगा उतरवून जमिनीवर रचतात, आणि त्या ढिगाऱ्यात प्रत्येकाची बॅग काळीच असते. लहान विमानाला साधारण 40 मीटर लांबीचा पट्टा लागतो असं पुस्तक सांगतं. आखाताच्या विमानाला तू तो पन्नासचा घे. दोरीनं बांधलेली खोकी, ब्लँकेटांची बोचकी, उमरा करून आलेल्यांचे झमझमचे कॅन हे सगळं पट्ट्यावर आडवं पडून जागा खातं. ट्रॉलीही एकामागे एक लावायच्या नाहीत, दोन शेजारी-शेजारी वळतील इतकी वाट ठेव. माझ्या एका नकाशात कस्टम्सच्या दाराशी 90 सेंटिमीटर कमी पडले होते. पुढे प्रत्येक फेरीला त्या कोपऱ्यावरचं प्लास्टर उडालेलं दिसायचं.

आता कोकणी घराकडे येतो. मघाशी सांगितलं की आपल्याकडे सोडायला-घ्यायला आलेल्या माणसाला दाराच्या आत प्रवेश नाही, आणि आपल्याकडे एका माणसामागे अकरा येतात. म्हणजे टर्मिनलमधली सर्वांत गर्दीची खोली दाराबाहेर आहे. तिला छप्पर नीट नाही, खुर्च्या नाहीत, नळ नाही, कारण नकाशात ती 'खोली' म्हणून काढलेलीच नसते. 'रस्ता' म्हणून काढलेली असते. तुझ्याही नकाशात तेच आहे. आतला हॉल तू पुरा सजवलायस, आणि बाहेर चार मीटरची कॅनोपी, म्हणजे दारापुढं काढलेलं छप्पर.

माझी चूक सांगतो. आपल्याच किनारपट्टीवरच्या एका विमानतळाची (नाव नको) बाहेरची कॅनोपी मी काढली होती. सात मीटर रुंद, नऊ मीटर उंच, पांढरी, हलकी, फोटोत देखणी. फेब्रुवारीत उद्घाटन झालं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे गेलो तर कॅनोपीखाली एक कोरडी फरशी नव्हती. समुद्रावरून येणारी झड 45 अंशांनी येते. नऊ मीटर उंचीच्या कडेवरून ती नऊ मीटर आत पोचते, आणि माझं छप्पर सातच मीटर होतं. लोक ओलं सामान घेऊन दाराशी चिकटून उभे, तिकीट बघणाऱ्या जवानाला हात हलवायला जागा नाही, आणि ज्यांना आत जायचंय ते पावसात. एक म्हातारा मुकादम माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "सायबानू, पागोळी खंय पडता ता आदी बगूक व्हया व्हता." त्या पावसाळ्यात तिथे निळी ताडपत्री बांधली गेली, आणि ती पुढची दोन वर्षं होती.

माझ्या आजोळच्या घराची वळचण इतकी खाली होती की पाहुण्याला वाकून यावं लागे. बाहेर खळं, मग पडवी, मग ओटी, आणि त्यापलीकडे माजघर. जूनआधी पडवीच्या उघड्या बाजूला झावळ्यांचे झाप लागत. कोळीण मासळी घेऊन पडवीपर्यंत, पोस्टमन ओटीच्या पायरीपर्यंत, आणि माजघरात घरचेच. कोण कुठवर येणार हे भिंतीनं नाही, पायरीनं आणि सावलीनं ठरलेलं. लँडसाइड (सगळ्यांना खुली बाजू) आणि एअरसाइड (तपासणीपलीकडची, विमानाकडची बाजू) म्हणजे काय, हे मला कॉलेजात शिकवलं तेव्हा नवीन काही वाटलं नाही. तुला कोकण आणायचंच असेल तर हे आण. गाड्यांच्या बाजूला वळचण साडेचार मीटरपेक्षा वर नेऊ नकोस, बसगाड्यांना वेगळी वाट दे. खोली बारा मीटर ठेव, म्हणजे झड साडेचार मीटर आत आली तरी साडेसात मीटरची कोरडी पडवी उरते. तिथे जांभ्याचा सलग कट्टा घाल, बसायला आणि आजीला आडवं व्हायला. पिण्याचं पाणी, संडास, चहा आणि विमान उतरल्याचा बोर्ड, हे सगळं दाराच्या अलीकडे. पश्चिमेच्या बाजूला झापांची आठवण म्हणून तिरक्या पट्ट्यांचा पडदा दे, हवा येईल आणि झड अडेल. या पडवीवर उतरती कौलं घाल हवी तर, तिथे ती शोभतील आणि शिडीवरून हाताला येतील. मोठ्या हॉलवर साधा पन्हळी पत्रा चालेल, सौम्य उताराचा. फक्त मध्ये पाणी वाहून नेणारी पन्हळ ठेवू नकोस. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागात छपराच्या मधोमध पन्हळ म्हणजे पुढल्या पाच वर्षांत चेक-इनच्या डोक्यावर बादली. सगळं पाणी बाहेरच्या कडेला काढ, आणि खाऱ्या हवेत उघडं लोखंड कुठेही ठेवू नकोस.

जांभ्याबद्दल एकच. सड्यावर विमानतळ म्हणजे चिरा तिथलाच, हे खरं. पण विमानतळावर दररोज हजारो ट्रॉल्या भिंतीला घासतात आणि जांभा घासला की लाल पूड सोडतो. कमरेखाली दुसरं काहीतरी लाव.

पुढच्या वेळी मला समोरून काढलेलं देखणं चित्र पाठवू नकोस. गाडी थांबते तिथपासून विमानाच्या दारापर्यंतचा एक लांब छेद (इमारत उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र) पाठव, 1:100 मध्ये. त्यावर पावसाच्या रेषा तिरक्या काढ, आणि दाराबाहेर किती माणसं उभी आहेत ती एकेक करून काढ. अकरापासून सुरुवात कर.